वाईट दोस्तीतून बाहेर पडताना: आधी काय, मग काय

तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी अभ्यासिका आहे. तीस खुर्च्या, दोन कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की दोन्ही कूलर नुसता आवाज करतात. नववी ते बारावीची पोरंपोरी इथे येतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यांतलं एखादं माझ्या टेबलापाशी रेंगाळतं. "आप्पा, मी त्याच्याशी बोलणं बंद केलं." मी मनातल्या मनात तारीख धरून ठेवतो. दहा-पंधरा दिवसांनी तेच पोरगं त्याच मुलाच्या गाडीवर मागे बसलेलं दिसतं.

पोरगं भित्रं असतं म्हणून असं होतं, हे काही मला पटत नाही. त्याचा क्रम चुकलेला असतो. आधी चारचौघांत भांडण, मग तिरीमिरीत ग्रुप सोडणं, आणि संध्याकाळी सहा वाजता दारात उभं राहून 'आता जाऊ कुठे?' हा प्रश्न तर सगळ्यात आधी सोडवायला हवा होता. नंदुरबारकडे मिरची लावणाऱ्याला विचार. वाफ्यातलं रोप उपटायच्या आधी ते लावायची सरी ओली झालेली असते.

पुढे जे लिहिलंय ते तेरा ते अठरा वयाच्या तुझ्यासाठी. टप्पा ५ पर्यंत अडीच-तीन महिने लागतात. बोर्डाच्या परीक्षेला महिना उरला असेल तर आत्ता सुरू करू नकोस, फक्त टप्पा २ मधलं जर्नल तेवढं परत घे. जून किंवा दिवाळीनंतरचा काळ चांगला, कारण तेव्हा तसंही सगळ्यांचं वेळापत्रक बदलतं.

आधी हे वाच: इथे टप्पे पाळायचे नाहीत

तो मारतो. नको तसा हात लावतो. तुझा फोटो किंवा व्हिडिओ दाखवून धमकावतो. नशेचं काही आणायला-पोचवायला लावतो. यांतलं एक जरी घडत असेल तर वही आणि वाट बघणं सोड, आजच एका मोठ्या माणसाला सांग. १०९८ हा क्रमांक अठरा वर्षांखालच्या कुणालाही चोवीस तास फुकट लावता येतो. जीवावर बेतलं असेल तर ११२. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०.

फोटोच्या धमकीत पोरं दोन चुका हमखास करतात. पैसे देतात, आणि घाबरून सगळे मेसेज पुसून टाकतात. पैसे दिले की मागणी वाढते, मेसेज पुसले की पुरावा जातो. स्क्रीनशॉट काढून ठेव आणि त्याला उत्तर देणं बंद कर. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीला अशा चित्रांवरून छळणं २०१२ च्या पोक्सो कायद्यात येतं, आणि त्या कायद्यात मुलाचं नाव-गाव गुप्त ठेवावं लागतं. 'पोलिसांत गेलं तर पेपरात येईल' या भीतीने मुली गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

टप्पा १: आठ दिवसांची वही

दोस्ती खरंच वाईट आहे की तुमचं नुसतं भांडण झालंय, हे रागात कळत नाही. म्हणून आठ दिवस फक्त लिहायचं. गणिताच्या वहीचं मागचं पान पुरे. मोबाइलवर लिहू नकोस, तुझा पॅटर्न त्याला पाठ असतो. रोज रात्री चार गोष्टी: काय झालं, कुणी ठरवलं, पैसे कुणाचे गेले, घरी येताना कसं वाटलं. शिव्या आणि विशेषणं लिहायची नाहीत. 'तो लय बेकार आहे' या वाक्यातून आठ दिवसांनी काहीही हाती लागत नाही.

अकरावीतल्या एकाने मला त्याचं पान दाखवलं होतं. सांगू का म्हणून विचारलं, तर 'सांगा, नाव नका सांगू' म्हणाला:

सोमवार. फिजिक्सचं प्रॅक्टिकल बुडवलं. त्याने ठरवलं. वडापाव चार, पैसे माझे, ८०. घरी सांगितलं जादा तास होता.

मंगळवार. तो आला नव्हता. काही नाही झालं. बरं वाटलं.

बुधवार. ग्राउंडवर माझी चप्पल निंबावर फेकली. सगळे हसले. मीपण हसलो.

मंगळवारखाली त्याने नंतर पेन्सिलने रेघ ओढली होती. मला पुढे काही विचारावं लागलं नाही.

पडताळा: आठव्या रात्री तीन गोष्टी मोज. तू किती वेळा 'नाही' म्हणालास आणि त्यानंतर काय झालं? (एकदाही म्हणाला नसशील तर उद्या एखाद्या क्षुल्लक गोष्टीला म्हणून बघ.) दोघंच असताना तो जसा वागतो, तसाच चारचौघांत वागतो का? त्याच्यासाठी घरी किती वेळा खोटं बोललास?

सावधान: तो नापास झालाय, त्याचा बाप हमाली करतो, तो दुसऱ्या जातीचा किंवा वस्तीचा आहे, यावरून दोस्ती वाईट ठरत नाही. घरचे 'संगत वाईट' म्हणतात तेव्हा कितीतरी वेळा त्यांना एवढंच म्हणायचं असतं, आणि तिथे ते चुकतात. उलट पहिल्या बाकावर बसणारी, सगळ्या शिक्षकांची लाडकी मैत्रीण तुला दिवसातून चार वेळा तुझ्या रंगावरून, कपड्यांवरून, 'तुमच्या खेड्यातल्या' बोलण्यावरून टोचत असेल, तर तुझ्या वहीत ते उतरेल, तिच्या मार्कांमुळे झाकलं जाणार नाही.

आणि त्या वहीत तूही आहेस. बुधवारी तुझी चप्पल झाडावर गेली. गेल्या महिन्यात कुणाची गेली होती, आणि फेकणाऱ्यांत तू होतास का? तेही लिही. फक्त स्वतःला पकडण्यासाठी नाही. टप्पा ७ मध्ये हे पान लागणार आहे.

टप्पा २: अडकलेलं सोडवून घे

सगळ्यात जास्त चिकाटी इथे लागते, आणि नव्वद टक्के पोरं हाच टप्पा गाळतात. तुझं त्याच्याकडे आणि त्याचं तुझ्याकडे जे जे अडकलंय, ते मोकळं होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

पैसे. टपरीवरच्या वहीत तुझ्या नावाने किती, त्याच्याकडून घेतलेले किती, हिशेब मांड. (शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, तरी टपरी तिथेच असते आणि उधारीची वहीही तिथेच. असो.) आपल्याकडे बऱ्याच पोरांची उधारी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते. त्या दिवशी पत्ते खेळायला घरचेही फारसं अडवत नाहीत, डाव हरतो, 'नंतर दे भो' म्हणत कुणीतरी पैसे भरतो, आणि त्या दोनशे रुपयांवर वर्षभर तुला नाचवतो. हे पैसे आधी फेड. एकदम जमत नसेल तर दर आठवड्याला थोडे, पण ज्याचे त्याच्या हातात. टपरीवाल्याचे टपरीवाल्याला, मधल्या दोस्ताकडे नाही.

वस्तू. त्याचा चार्जर, जर्सी, बॅट आधी देऊन टाक. मग तुझं जर्नल, पुस्तकं, सायकलची किल्ली माग. उलट क्रमाने केलंस तर 'माझी बॅट दे मग देतो' सुरू होतं.

फोन. एका संध्याकाळी बसून सगळं कर, कुणाला न सांगता:

१. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघड. तिथे अनोळखी लॅपटॉप किंवा ब्राउझर दिसला तर लॉगआउट कर. 'प्रोजेक्टची फाइल घ्यायची' म्हणून एकदा स्कॅन केलेला कोड महिनोन् महिने चालू राहतो आणि तुझे मेसेज तिकडे वाचले जातात. दोन मुलींच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

२. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू कर. पिन म्हणून जन्मतारीख नको.

३. इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदल आणि कुठे कुठे लॉगइन आहे ते बघून बाकीची यंत्रं काढ.

४. स्नॅपचा नकाशा 'घोस्ट मोड'वर टाक, गूगल मॅपवरचं लोकेशन शेअरिंग बंद कर.

५. फोनचा पॅटर्न आणि यूपीआयचा पिन बदल. यूपीआय घरच्यांच्या खात्याचं असेल तर त्यांना सांगून.

६. व्हॉट्सॲपमध्ये 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' ही सेटिंग 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' करून त्या मंडळींवर खूण कर. नाहीतर बाहेर पडल्यावर तुला दिवसातून पाच वेळा परत ओढतील.

ग्रुप मात्र अजून सोडायचा नाही.

गुपित. हे सगळ्यात अवघड. तुझं काय काय त्याला माहीत आहे? सिगारेट ओढलीस, चाचणीत कॉपी केलीस, एखाद्या मुलीला पत्र लिहिलंस, आईच्या डब्यातले पाचशे घेतलेस. ज्या गुपिताच्या जोरावर तो तुला धरून ठेवू शकतो, ते त्याच्याआधी तू घरी सांग. घरात कळून गेलेल्या गोष्टीची धमकी कुणालाच देता येत नाही.

सांगायचं कसं? जेवताना नाही, पाहुण्यांसमोर नाही, बाप शेतातून किंवा ड्युटीवरून आल्या आल्या नाही. उन्हाळ्यात आपण धाब्यावर, गच्चीवर झोपतो. दिवे गेलेले असतात, तोंड दिसत नाही, सगळे आकाशाकडे बघत पडलेले असतात. तेव्हा सांग. "आबा, एक सांगायचं आहे. आधी पूर्ण ऐकून घ्या, मग रागवा." पहिल्या रात्री बोलणी बसतील. तिसऱ्या दिवशी आई ताटात भाकरी वाढताना काहीतरी वेगळंच विचारेल, तेव्हा समजायचं की विषय संपला.

मुलींसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. 'घरी कळलं तर कॉलेज बंद' ही भीती उगीच नाही. काही घरांत तसं होतं. अशा वेळी सरळ वडिलांकडे जाऊ नकोस. आधी फुई (आत्या), मावशी, मोठी वहिनी किंवा एखाद्या बाई शिक्षिका, जिचं घरात ऐकलं जातं अशी एक निवड. तिला सगळं सांग आणि घरी सांगताना तिला शेजारी बसव.

पडताळा: 'आज मी याच्याशी कायमचं बोलणं बंद केलं तर त्याच्याकडे माझं काय उरतं?' उत्तर 'काही नाही' किंवा 'एक जुना टी-शर्ट' असेल तर पुढे चल.

टप्पा ३: उभं राहायला जागा

जुन्यांपासून लांब जायच्या आधी, आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, दुसऱ्या माणसांत जायची एक जागा लावून घे. एकच. तिथे हाताला काम हवं. नुसतं बसायची जागा नको. नुसतं बसलं की नवा कोंडाळा तयार होतो आणि बऱ्याचदा जुन्यासारखाच.

पहाटे पाचला ग्राउंडवर पोलीस भरतीची पोरंपोरी धावतात, मुलं सोळाशे मीटर, मुली आठशे. ती तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, स्वतःच्या वेळेच्या मागे लागलेली. तू कुणाचा दोस्त होतास याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. माझ्या मते तुझ्यासारख्यासाठी याहून चांगली जागा नाही. सार्वजनिक वाचनालय, आखाडा, एनसीसी, गावातलं भजनी मंडळ किंवा वहीगायनाचा (खानदेशी लोकगाण्यांचा) ताफा, टायपिंग किंवा एमएससीआयटीचा क्लास, काकांचं वेल्डिंगचं दुकान नुसतं बघायला, हेही चालतं. पहाटे ग्राउंडवर जायला घरून परवानगी नसलेल्या मुलींना टायपिंगचा क्लास फार सोयीचा पडतो: तासाची वेळ ठरलेली, बोटं अडकलेली, आणि घरच्यांना कारण पटतं.

चूक: नवीन 'बेस्ट फ्रेंड' शोधायला निघणं. एका माणसावर सगळा भार टाकायची सवय तशीच राहते, फक्त माणूस बदलतो.

पडताळा: दोन आठवड्यांनी एक दिवस जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी कुणीतरी 'काल कुठे होता रे?' असं विचारलं, तर जागा लागली. कुणीच विचारलं नाही तर अजून दोन आठवडे थांब, किंवा जागा बदल.

टप्पा ४: कमी करत जा

आता चार ते सहा आठवडे. आधी पैसे बंद, मग तास बुडवणं बंद, मग संध्याकाळ, आणि सगळ्यात शेवटी ग्रुप. पैसे आधी, कारण पैसे थांबले की निम्मी दोस्ती आपसूक पातळ होते. हे बघताना वाईट वाटेल.

नकार देताना कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर वाटाघाट सुरू होते. आणि खोटं कारण तर अजिबात नाही. 'घरी पाहुणे आलेत' म्हणशील आणि दहा मिनिटांत तो तुझ्या ओट्यासमोरून गाडी घेऊन जाईल. तालुक्याच्या गावात खोटं एक गल्लीसुद्धा टिकत नाही. "आज नाही." "मी नाही येत." घरी अहिराणी बोलत असशील तर "नही भो, माले नही येनं" हे फार छान बसतं, त्यात चिडही नाही आणि लाचारीही नाही. तिसऱ्यांदा विचारलं तरी तेच वाक्य, त्याच आवाजात.

एका गोष्टीला मात्र खरं कारण तयार ठेव: गाडी. 'तुझ्या बापाची गाडी आण' म्हणाले तर सांग, अठरा वर्षांखालच्याने चालवली तर मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि आपल्याला पंचवीस वर्षांचे होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. यावर कुणी वाद घालत नाही.

नकार शक्यतो एकट्याला दे, टोळक्यासमोर नाही. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. एकटी असताना किशोरवयीन मुलं जेवढा धोका पत्करायची, त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका ती मित्र बघत असताना पत्करायची. मोठ्या माणसांत हा फरक जवळपास दिसला नाही. म्हणजे चौघांसमोर 'फट्टू' म्हटल्यावर तुझ्या पायांत जे वळवळतं ते फक्त तुझ्यातच आहे असं नाही, आणि ते समोरच्यालाही होतं. चौघांसमोर त्यालाही मागे हटता येत नाही.

बसचं काय? शहरातले लोक सांगतात, 'त्याला टाळा.' तुझ्या गावाहून कॉलेजला सकाळी एक गाडी आणि संध्याकाळी एक. त्याचाही तोच पास. तेव्हा टाळणं विसर, जागा बदल. पुढे, कंडक्टरच्या मागच्या सीटवर, पाचवी-सहावीच्या पोरांबरोबर किंवा बाजाराला निघालेल्या एखाद्या आजीशेजारी बस. मागच्या सीटवरून हाका येतील: "काय रे भो, आते आमनी वळख बी नही का?" वळून बघ, हात कर, परत पुढे बघ. तोंड फिरवून बसलास तर ती हाक रोजची होईल.

ग्रुप: आधी म्यूट, मग अर्काइव्ह, आणि पंधरा दिवस त्यात एक अक्षर लिहिलं नाहीस की मग बाहेर. आता बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. तरी पुढचे ६० दिवस कोण सोडून गेलं ते यादीत सगळ्यांना बघता येतं, त्यामुळे 'कुणाला कळणार नाही' या भ्रमात राहू नकोस. निरोपाचा मेसेज लिहू नकोस.

टप्पा ५: बोलणं, लागलं तरच

निम्म्या पोरांना या टप्प्याची गरजच पडत नाही. सहा आठवड्यांत समोरचाही दुसरीकडे रमलेला असतो. 'पण मला त्याला एकदा तोंडावर सांगायचंय' ही खाज असेल तर ती खाजच आहे, राहू दे. तो वारंवार 'काय झालं सांग' विचारत असेल, किंवा भाऊबंद, शेजारी, एकाच विहिरीवर पाणी असलेला असेल, तर मात्र बोल.

दिवसा, उघड्यावर, दोघांनीच, चालता चालता, पाच मिनिटं. मेसेजवर कधीच नाही. त्याचा स्क्रीनशॉट रात्रीपर्यंत तालुकाभर फिरतो. वाढदिवस, पोळा, गणपतीची मिरवणूक हे दिवस सोडून. वाक्यं आधी मोठ्याने म्हणून बघ, गोठ्यात किंवा गच्चीवर. एवढीच:

"भो, मी आता संध्याकाळी तुमच्याबरोबर येणार नाही. पैसे देणार नाही, घरी खोटं सांगणार नाही. तुझं काही मी कुठे बोललो नाही, आणि बोलणारही नाही."

शेवटचं वाक्य गाळू नकोस. त्याची अर्धी भीती तीच असते. 'तू मला बिघडवलंस' म्हणू नकोस, जुन्या गोष्टींची यादी वाचू नकोस, माफी मागायला लावू नकोस.

आणि ते वाक्य पाळ. मी अकरावीत होतो तेव्हा असाच एकापासून सुटायचं होतं. पोळ्याच्या दिवशी, बैल मारुतीच्या पाराला फिरून येत होते, सगळ्या गल्लीसमोर मी त्याच्याशी भांडलो आणि भांडता भांडता त्याच्या घरातलं एक बोलून गेलो. पाटाच्या कडेला बसून एका रात्री त्याने ते मला एकट्याला सांगितलं होतं. दोस्ती तुटायलाच हवी होती, तुटली. पण आज तीस वर्षांनी बाजार समितीत तो समोर आला की मी कांद्याच्या ढिगाकडे बघायला लागतो.

सावधान: घरच्यांना त्याच्या घरी भांडायला पाठवू नकोस. दोन पोरांचं प्रकरण दोन घरांचं झालं की ते बांधाच्या भांडणासारखं वर्षानुवर्षं चालतं. (आईबाप वाचत असतील तर: त्या पोराला शिव्या देऊ नका. दिल्यात की तुमचं पोरगं त्याची बाजू घेतं. संध्याकाळी सहा ते आठ त्याला काहीतरी काम सांगा, एवढी मदत पुष्कळ.)

टप्पा ६: रिकामी संध्याकाळ

पहिले तीन आठवडे वाईट जातात. सकाळी कॉलेज, रात्री झोप. मधला साडेपाच ते साडेसातचा वेळ अंगावर येतो. तो आधीच भरून ठेव: दळण, पाणी भरणं, भावाचा अभ्यास, टप्पा ३ मधली जागा. त्या वेळेत फोन आईकडे दे.

आधी टोमणे येतील, मग तुझ्याबद्दल काहीतरी पसरवलं जाईल, आणि कशालाच तू उसळला नाहीस की मग गोडी. गोडीला पोरं फसतात. हिवाळ्यात हमखास फोन येतो: मळ्यात भरीत पार्टी आहे, वांगी आणलीत, कपाशीच्या काड्या पेटवल्यात, फक्त तू नाहीस. कुणी दारू प्यायला बोलावलं तर नाही म्हणणं सोपं असतं. भाजलेल्या वांग्याचा वास आणि जुनी हसणारी तोंडं, हे कठीण. यंदा जाऊ नकोस. पुढच्या वर्षी गेलास तरी चालेल, तोवर तू जेवून घरी येशील.

सावधान: एकटेपणा वेगळा आणि आजार वेगळा. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, किंवा जीव नकोसा वाटतोय, तर ते सहन करून जात नाही. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं, तिथे विचार.

टप्पा ७: उसनं काय, आपलं काय

'मग मी कोण?' हा प्रश्न रात्री पडतो आणि पोरं तो विचार करून सोडवायला बघतात. तसा तो सुटत नाही. वहीचं नवीन पान घे आणि त्याच्याकडून आलेलं सगळं लिही: केसांचा कट, बोलण्यातले शब्द, आवडती टीम, न आवडणारे शिक्षक, कुणाकुणाला हसायचं ते. मग एकेकासमोर लिही: ठेवायचं, टाकायचं, माहीत नाही. सगळं टाकू नकोस. त्याने विहिरीत पोहायला शिकवलं असेल तर पोहणं तुझं झालं. 'माहीत नाही'ची रांग सगळ्यात लांब असेल, असू दे.

त्या रांगेतली एक गोष्ट महिनाभर करून बघ, किंवा महिनाभर न करता राहून बघ. एक मुलगी माझ्याकडे यायची, घरी अहिराणी आणि कॉलेजात ओठ आवळून पुस्तकी मराठी, कारण ग्रुपमधल्या मैत्रिणी 'गावठी' म्हणायच्या. तिने महिनाभर एकच केलं: आईचा फोन आला की सगळ्यांसमोर अहिराणीतच बोलायचं, आवाज न चोरता. पहिल्या दिवशी जिन्यावर जाऊन बोलली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर उभी राहून "हाव माय, येस ना मी" म्हणाली आणि अख्खी अभ्यासिका दचकली. पुढे तिचं काय ठरलं ते तिचं ती जाणे.

इथेच ते टप्पा १ मधलं पान काढ, तुझ्या हातून ज्याची चप्पल झाडावर गेली होती ते. त्या पोराला जाऊन एक वाक्य बोल: 'त्या दिवशी मी चुकलो.' उत्तराची वाट बघू नकोस.

चूक: दहावीनंतर तो सायन्सला गेला म्हणून तू गेलास, हे या यादीत न लिहिणं. तेही उसनंच आहे. अजून अकरावीत असशील तर शाखा बदलता येते का ते कॉलेजात लगेच विचार. दिवस जातील तसं ते अवघड होत जातं.

पडताळा: स्टेटसवर टाकायची बंदी असेल तरीही करशील अशी एक गोष्ट तुझ्याकडे आहे का?

परत गेलास तर

बरीच पोरं एकदा तरी परत जातात. तेव्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. टप्पा २ तपास, बहुतेक तिथे काहीतरी राहून गेलेलं असतं, एखादी उधारी, एखादं न सांगितलेलं. ते मोकळं कर आणि टप्पा ३ च्या जागेवर उद्या सकाळी जा.

तो खरंच बदलला असं वाटत असेल तर त्याला एक लहानसं 'नाही' म्हणून बघ आणि त्याचं तोंड बघ.

तो भाऊबंदांतला असेल तर कायमची सुटका नाहीच. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसेल, तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, आणि एका पंगतीत तो तुझ्या समोर किंवा शेजारी असणार. जा. उशिरा जाऊन कोपऱ्यात बसू नकोस, वाढायला उभा राहा. वाढणाऱ्याला फार बोलावं लागत नाही. त्याच्या ताटाशी आलास की त्यालाही विचार, "खीर वाढू का?"